आवाज बदलावा किंवा कसे

तारापूर, खाडीकाठ
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १९०८

राजमान्य राजश्री कमलाकांत पागधरे, मुक्काम पालघर, यांस त्यांच्या भगिनीचे यजमान नामदेव महादू तामोरे याचा रामराम पोहोचावा. आपली, सौ. हंसाबाईंची व मुलांची प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो. नसल्यास कळवावे, म्हणजे हे वाक्य पुढील पत्रात दुरुस्त करता येईल. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघे ज्या वयाचे आहेत त्या वयास शोभेल असे वागतात.

आपले पोस्टकार्ड मिळाले. "ताई इकडे सुखरूप आहे, काळजी नसावी" एवढाच मजकूर आणि बाकी कार्ड कोरे. सरकारने पोस्टकार्डास दोन बाजू उगाच दिलेल्या नाहीत. त्या कोऱ्या जागेत ती दोन वेळ जेवते किंवा नाही, एवढे सहज बसले असते. असो. आपण दिवसभर कचेरीत लिहिता, घरी आल्यावर हात थकत असेल. मी मराठी चौथीपर्यंतच शिकलो, त्यामुळे माझा हात अजून ताजा आहे.

प्रथमच स्पष्ट करतो की हे पत्र आपल्या भगिनीस परत बोलाविण्यासाठी लिहिलेले नाही. ती स्वतःच्या पायांनी गेली, रस्ता तिला ठाऊक आहे. मी बांधलेल्या इंजिनाच्या सायकलीविषयी आमच्या बंदरावर आणि बोईसरच्या बाजारात पुष्कळ अशुद्ध मजकूर पसरला आहे. तो आपल्या कचेरीपर्यंत गेला असणार. त्याची दुरुस्ती व्हावी, एवढाच हेतू.

आपल्याला ठाऊक आहे की कै. चिरंजीव नवशाची मोपेड गेल्या वर्षीच्या भाद्रपदापासून पडवीत उभी होती. (नवसाने झालेला म्हणून नवशा, हे नाव आपल्याच मातोश्रींनी सुचविले होते.) एकुलता मुलगा दर्याने घेऊ नये म्हणून मी त्यास होडीवर पाय ठेवू दिला नाही, बोईसरच्या कारखान्यात लावला. दर्याने घेतला नाही. काविळीने घेतला. याविषयी अधिक लिहीत नाही. आपली भगिनी साखरबाई रोज ती मोपेड पदराने पुसत असे. पुसल्याने लोखंड उजळते हे खरे, परंतु खाऱ्या हवेस माया कळत नाही. एके दिवशी मी गाडी बाजूला सरकविण्यास गेलो, तो सांगाडा मानेपासून तुटून हातात आला. इंजिन मात्र शाबूत होते. तिकडे एस.टी.त तिच्या मासळीच्या पाटीवरून रोजचा तंटा. एक कंडक्टर तिला म्हणाला, "मावशे, तू चढ, वास खाली ठेव." तेव्हा मी ठरविले की या इंजिनास नवा देह द्यावा, मागे तिची बसण्याची जागा, तिच्या मांडीवर पाटी, आणि बोईसरच्या बाजारापर्यंत कोणाची मिनतवारी नको. मी तिला तसे सांगितलेही. ती म्हणाली, "तुमाला कराचा हाय तं करा. मना नका विचारू." यास मी संमती समजलो.

होड्या बांधण्यात माझी हयात गेली. तेव्हा सायकलीसारख्या दोन चाकांच्या किरकोळ वस्तूविषयी कोणाचा सल्ला घ्यावा असे वाटले नाही. (घ्यावयास हवा होता, असे आमची शेजारीण जमना म्हणते. तिच्या बोंबलांचा विषय पुढे येईल.) शेवटच्या होडीचा उरलेला साग काढून त्याचा पठाण घातला. पठाण म्हणजे होडीचा कणा. आपण बंदर सोडून कचेरीत गेलात म्हणून अर्थ देतो. त्यास दोन्ही अंगांनी वाकविलेले लाकूड जोडले, तांब्याचे खिळे मारले, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरला आणि थेंबभर पाणी आत शिरणार नाही याची खात्री केली. जमनाने कुंपणावरून विचारले, "काका, सायकलीत पानी कुठशी शिरंल?" प्रश्न बिनचूक होता, म्हणून मी पुढचा सांधा ठोकावयास घेतला. मग होडीस लावतात तेच माशाचे तेल सर्व लाकडास पाजले. आता हा सांगाडा पुढच्या पिढीपर्यंत टिकेल. (पुढची पिढी हे शब्द सवयीने आले. खोडत नाही, कागद घाण होतो.) गावातील मांजरे मात्र तेव्हापासून या गाडीस सोडून कोठेही जात नाहीत.

हँडलाविषयी जो विनोद चालू आहे त्याचे निरसन करतो. मी जन्मात सायकल चालविलेली नाही. सुकाणू मात्र धरले आहे. म्हणून पुढच्या चाकाच्या मानेपासून एक लांब दांडा मागे माझ्या हाताशी आणला. दांडा डावीकडे लोटला की वाहन उजवीकडे जाते, उजवीकडे लोटला की डावीकडे. समुद्रावर सर्व सभ्य माणसे अशीच वळतात. ब्रेक होडीस नसतो, म्हणून तो बसवावयाचा राहिला. ही उणीव ध्यानात येताच मागच्या बाजूस दोरीने एक लहान नांगर बांधला.

कार्तिकात एके दिवशी इंजिन जोडून झाले. ती वेळ तिन्हीसांजेची होती. माझ्या ते ध्यानात आले नाही. मी जागेवर बसून पायंडल मारले, आणि ते चालू झाले. लाकूड बदलले, चाके बदलली, आवाज तोच राहिला. नवशा कारखान्यातून येताना खाडीच्या वळणावर हा आवाज आला की आपली भगिनी ताट वाढावयास घेत असे. तो दारात येईतो भाकर गरम असे. त्या दिवशीही ती ताट घेऊन पडवीत आली. ताटात तांदळाची भाकर, बोंबलाचे कालवण आणि बुक्कीने फोडलेला कांदा होता. कांदा मी खात नाही. तिने गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "तुमी हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "चालू झाले." याहून योग्य वाक्य मराठीत असणार, परंतु मला ते अद्याप सापडलेले नाही. तिने ताट आत नेऊन चुलीपाशी झाकून ठेवले आणि सकाळच्या एस.टी.ने ती आपल्याकडे आली. जाताना भांडली नाही, हे मी तिच्या बाजूने नमूद करतो. ताटातील अन्न वाया जाऊ नये म्हणून मी ते खाल्ले. कांदाही खाल्ला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी त्याच वाहनावरून पालघरास यावयास निघालो. (तिला आणण्यासाठी नव्हे. वाहनाची परीक्षा घ्यावयाची होती, आणि पालघरचा रस्ता त्यास सोयीचा आहे.) घरापासून निघतानाच एक शेळी आडवी आली. मी नियमाप्रमाणे नांगर टाकला. नांगर जमिनीस लागण्याऐवजी जमनाच्या बोंबील वाळविण्याच्या दोरीस लागला आणि तिचे सर्व बोंबील, खांबांसह, माझ्या मागून पालघरकडे निघाले. मागून जमना, तिच्या मागून मांजरे. जमना ओरडत होती, "काका, थांबा! अवो, लगीन हाय का वरात?" गाडी खाजणातल्या चिखलात आपोआप थांबली, तेव्हा मी तिला म्हणालो की ब्रेक उत्तम आहे. बोंबील सोडविता सोडविता तिने हळूच विचारले, "काकीला आनायला चाल्ले ना?" मी म्हणालो, परीक्षा घेत आहे. "मंग पास होऊन या," ती म्हणाली, आणि बोंबलांविषयी त्यानंतर तिने अक्षर काढले नाही. हे मला फार लागले. तिने भांडावयास हवे होते. हल्ली आमच्याशी कोणी भांडत नाही.

पुढे दुसरी अडचण उभी राहिली. मागची जागा मी साखरबाईच्या वजनाच्या अंदाजाने बांधली होती. रिकाम्या होडीच्या तळाशी दगड भरतात, त्यास नीरम म्हणतात. ते नसले की होडी लाटेवर नाचते. माझी गाडी तशी खड्ड्याखड्ड्यास नाचू लागली. शेवटी रस्त्याकडेचे दोन धोंडे तिच्या जागेवर बांधले. वजन बरोबर आले. परंतु धोंडे "अवो, सावकास" म्हणत नाहीत, आणि त्यावाचून मला वेगाचा अंदाज येत नाही.

सरावलीस एका वेल्डरकडे थांबलो. तो उत्तरेकडील तरुण, गाडीभोवती फिरून म्हणाला, "चाचा, ये रोड पे चलेगी कि समंदर में?" आणि परवानगी न घेता दांडा धरून निघाला. समोर चहाचा ठेला होता. तो चुकविण्यासाठी त्याने दांडा ठेल्यापासून दूर लोटला आणि शिस्तीत ठेल्यात गेला. दोष वाहनाचा नव्हता. त्याने क्षमा मागितली, साखळी घट्ट करून दिली, आणि आवाज फार होतो म्हणून एक जुना सायलेन्सर फुकट दिला. तरीही साखळी मला सैल वाटली, म्हणून पालघरास न येता मी तेथूनच परत फिरलो. वस्तुस्थिती एवढीच आहे. बाजारात याहून निराळे काही सांगत असतील, तर ते खरे धरू नये.

मुलांस आशीर्वाद. वडीलधाऱ्यांस नमस्कार सांगावा. आपल्याकडे आता मीच सर्वांत वडील उरलो असल्यास तो ठेवून घेतो.

आपला,
नामदेव महादू तामोरे
(मराठी चौथी उत्तीर्ण)

ता. क. साखरबाईस वाचता येत नाही, म्हणून एवढे तिला वाचून दाखवावे : सरावलीचा सायलेन्सर बसविला आहे. गाडीचा आवाज आता निराळा येतो, ओळखू येत नाही. तिने यावयास हरकत नाही. मागचे धोंडे काढून ठेवले आहेत.

ता. क. दुसरा. वरील ता. क. मधील धोंड्यांचे वाक्य तेवढे खरे आहे. बाकी असत्य आहे, आणि असत्य मजकूर टपालात टाकणे माझ्याने होत नाही. सायलेन्सर कोनाड्यात कागदात गुंडाळून ठेवला आहे. साखळीही सैल नव्हती. सरावलीहून पालघरच्या रस्त्यास लागलो तेव्हा मनात आले की हा आवाज आपल्या बिऱ्हाडाच्या वळणावर पोहोचेल, ती आत चुलीपाशी असेल, आणि पुन्हा ताट घेऊन बाहेर येईल. म्हणून फिरलो. तरी आवाज बदलावा किंवा कसे, हे तिने येऊन सांगावे. ती बदला म्हणाली तर त्याच दिवशी बदलतो. माझ्या एकट्याच्या हातून ते होत नाही. मी रोज तिन्हीसांजेस इंजिन चालू करतो. गाडीवर बसत नाही. ते तसेच पडवीत चालू ठेवून आत चुलीपाशी जाऊन बसतो.

ता. क. तिसरा. हा दुसरा ता. क. तिला वाचून दाखवावा. तिला यावयाचे असल्यास एस.टी.ने यावे, वाहनास ब्रेक बसविल्यावाचून तिला त्यावर बसविणार नाही.