तांबडा पाट

अहो,

तुम्ही होतात तेव्हा दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत. चौथीतच शाळा सुटलेली. आता लिहितेय, कारण उद्या लायब्ररीचा माणूस प्रदर्शनासाठी तुमचं एक चित्र न्यायला येतोय, आणि कुठलं द्यायचं ते मी ठरवायचंय.

श्रीकांत म्हणतो, "आई, गम ट्रीजचं दे. बाबांचं बेस्ट काम!" खरंच, त्या निलगिरीच्या झाडांचं पान न् पान मोजून घ्यावं. ऑफिसात नकाशे काढणारा हात तुमचा! पण ते बघून माझ्या पोटात कधी काही हललं नाही. तुमच्या तरी हललं होतं का?

ते चित्र झालं, आणि मग सासूबाई गेल्याची तार आली. पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून गेला नाहीत. तेराव्याला इथेच, सातासमुद्रापार ग्लेन वेव्हर्लीच्या किचनमध्ये, त्यांच्या नावाने पाट मांडलात. डोळ्यांत टिपूस नाही! जेवून उठलात आणि तो रिकामा पाट चितारायला बसलात. लाकडाच्या रेषांसकट.

मी म्हटलं, "एवढं हुबेहूब हवं तर फोटो काय वाईट होता?" फुरंगटलात. पण पुढच्या चित्रातल्या पाटाच्या रेषा गेल्या. त्याच्या पुढचा थेट गम ट्रीजच्या रानात जाऊन बसला, तोही बिनसावलीचा. दहा वर्षं तेच! पाट मोठा होत गेला, तांबडा होत गेला. शेवटी झाडं नाहीत, जमीन नाही, नुसता तांबडा.

"यात माणूस कुठाय?" मी हसले होते.

"तोच काढलाय," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, डोकं फिरलं. ते चित्र गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलं ते मीच. जरा नीट सांगायला काय झालं होतं हो?

काल तुमचं वर्षश्राद्ध. बाहेर ठेवलेला घास कावळ्याआधी मॅगपायने पळवला. आत तुमचा पाट मांडला, पान वाढलं. आपली नात मीनल विचारते, "आजी, हू इज सिटिंग देअर?"

उत्तर द्यायला पाटाकडे बघितलं. साधा सागवानी, आपण पुण्याहून आणलेला. पण मला तांबडा दिसला. अख्ख्या किचनएवढा.

रडले नाही. गॅरेजात जाऊन चित्र सरळ केलं. रंगावरून हात फिरवला. कुठे जाड थर, कुठे खरवडलेला. आणि मी म्हणत होते, रंग वाया घालवताय! तुम्ही हे ठरवून केलंत, की हातच तिकडे गेला? विचारायला हवं होतं.

उद्या तोच तांबडा देणार. श्रीकांत कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि तिथे कोणी हसून विचारलं, माणूस कुठाय, तर त्याला घरी बोलावून तुमच्या पाटासमोर जेवायला बसवीन.

तुमची,
कमल