चढावरचं गवत

प्रिय वन्सं,

त्या सकाळी मी पागा झाडली, ओली पेंढी बाहेर काढली, बादली भरली आणि आपल्या घोड्याचं, लाटसाहेबाचं, पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्या डाव्या कोपरामागे कान लावून उभी राहिले. हे रोज असा कान लावायचे आणि मी हसायचे. हे गेल्यावर सवय माझ्याकडे आली. त्या दिवशी नेहमीचा संथ ठोका नव्हता. दोन भरभर, मग काहीच नाही, मग एक. जिना उतरताना कुणी पायऱ्या चुकवाव्यात तसं.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरताहेत. मानेच्या शिरेतून तारा आत नेऊन विजेचा झटका दिला की ताल बहुधा जागेवर येतो. मी वाचनालयातून पुस्तक आणलं, त्यातही 'बहुधा'च. तेव्हा उमगलं, चढावर तो मधेच थांबून गवताला तोंड लावायचा तो खादाडपणा नव्हता. दम लागायचा त्याला, आणि आपण हावरट म्हणून चिडवायचो. तुम्ही फोनवर म्हणालात, 'वहिनी, मुक्या जनावराला कशाला छळता?' मी काही बोलले नाही.

झटक्याला क्षणही लागला नाही. पडद्यावरची वेडीवाकडी रेघ शहाण्यासारखी चालू लागली. खरी भीती पुढे होती. भूल उतरताना घोडा घाईने उठला तर पाय मोडतो. म्हणून त्याला गाद्या लावलेल्या खोलीत ठेवलं आणि मला बजावलं, हाक मारायची नाही, ओळखीच्या आवाजाने तो धडपडेल. दिवसभर त्याच्याशी तोंड चालवणारी मी झरोक्याशी ओठ दाबून उभी. तो उठायला गेला, कोसळला. पुन्हा कोसळला. मग कितीतरी वेळ नुसता पडून राहिला, आणि एकदम चारही पायांवर उभा. संध्याकाळी कान लावला. संथ.

वन्सं, तिथे गप्प राहणं बरोबर होतं. तुमच्यापाशी मी गप्प राहिले, ते नव्हतं. जिन्यात मधेच थांबून तुम्ही भिंतीवरची तसबीर सरळ करता. ती कधीच वाकडी नसते. तुमच्या डॉक्टरांनीही झटकाच सुचवलाय आणि तुम्ही ते हसण्यावारी नेलंत, हे भाचीने सांगितलं. तुमचे दादाही असेच हसायचे. एका छातीला कान लावून काहीच ऐकू न येणं मी सोसलंय. पुन्हा नको. दुसऱ्या दिवशी पागा झाडून झाल्यावर मी तुमच्या डॉक्टरांकडे गेले, मंगळवारची वेळ घेतली आणि सोबत येणारी म्हणून माझं नाव सांगितलं.

न विचारता येणारी,
तुमचीच वहिनी