काजलच्या गावातला माझा मुक्काम

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून काजलचा टॅबवरचा गाव वसवायचा गेम बंद. कायमचा. ऑटिझम असलेल्या मुलांना रुटीन लागतं, असं थेरपीच्या मॅडम म्हणतात. मग रुटीन मी लावतो. टॅब माझ्या हार्डवेअरच्या दुकानात, ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. मयुरी म्हणाली, "एकदम काऊन? मॅडमनं हळूहळू कमी करा म्हटलं." आईचं मन. पण मी ठाम आहे.

४ नोव्हेंबर
काजल जेवली नाही. पलंग आणि भिंतीच्या मधे शिरून कान झाकून बसली. मनगट चावलं. मी बराच वेळ समजावलं. मयुरी म्हणाली, "आवाज कमी करा, तिले आवाजच सहन नाई होऊन राह्यला." दुपारी टॅब आणून दिला. याला माघार म्हणत नाहीत. टप्प्याटप्प्यानं करायचं ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार
दाराबाहेर उभा राहून ऐकलं. पोरगी सोळा वर्षांची, घरात 'हो', 'नको', 'वरण' एवढंच बोलते. गेममध्ये हेडफोन लावून सलग बोलत होती. पलीकडे ऑनलाइन सिंदी गावची स्वीटी, थेरपीला त्याच मॅडमकडे येणारी. "पूल इथं नको बांधू, पाणी भरून राह्यलं. तिकडून येजो."
मयुरीला सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत आहे. रोज बोलते."
मला कुणीच सांगितलं नव्हतं. असो. उपाय सापडला: मीही गेम खेळणार. आठवड्यात माझ्याशी गप्पा मारेल. गॅरंटी.

१२ नोव्हेंबर
माझ्या मोबाइलवर गेम घेतला. काजलनं मला तिच्या गेममधल्या गावात घेतलं. नियम लिहून पाठवले: विचारल्याशिवाय कोणाच्या घरात जायचं नाही. झाड तोडायचं नाही. माइक बंद.
रस्ता वाकडा होता म्हणून एकच झाड तोडलं. तिनं लिहिलं, "झाड लावा." लावलं. "तिथं नाई. होतं तिथं." लावलं. संवाद सुरू झाला म्हणायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून काजल पाणीसुद्धा न पिता खेळत होती. माझ्या लक्षात आलं नाही, कारण मीही खेळत होतो, अर्थात तिच्यासाठी. मयुरी ताट घेऊन आली. "आता दोघायले भरवू काय?"
हे बरोबर नाही. ब्रेकसाठी अलार्म लावला. तो वाजताच काजल दचकली, टॅब खाली पडला, काचेला तडा गेला. ती किंचाळत राहिली. अलार्म काढून टाकला. ब्रेकचं नंतर बघू.

२० नोव्हेंबर
आज माइक सुरू केला. किती दिवस लिहूनच बोलायचं? म्हटलं, "काजल बेटा, मी बाबा." पूल कसा बांधावा तेही सांगितलं, सिमेंटच्या प्रमाणासकट. स्वीटी निघून गेली. काजलनं हेडफोन काढून ठेवला. बहुतेक विचार करत असावी.

२१ नोव्हेंबर
गावात प्रवेश मिळेना. नेटवर्कचा प्रॉब्लेम. आमच्या बोरगावला हे नेहमीचंच.

२३ नोव्हेंबर, रविवार
नेटवर्क ठीक आहे. गावात का घेत नाहीस, जेवताना काजलला विचारलं. तिनं ताटाकडे बघत सांगितलं, "बाबा, तुमी तिथंबी ओरडता."
मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे. हे सांगायला तोंड उघडलं. मयुरीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. उघडलेल्या तोंडात घास घातला.
जेवण झाल्यावर आतून काजलचं हसू ऐकू आलं. दार ढकलायला हात गेला, तो खाली घेतला. घरात कुठं बसावं समजेना. चप्पल घालून दुकानात गेलो. रविवार, बाजार बंद. चावी घरीच राहिलेली. शटरसमोर उभा राहिलो.