समन्सवरची सही

१७ जानेवारी, शनिवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. मी अजून गणवेशांनाच काजं करते. हल्ली सुईत दोरा ओवायला तीनदा डोळे चोळावे लागतात. आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. असो.

घराचं सांगायचं होतं. गेल्या महिन्यात कोर्टाचा बेलिफ दारात आला. "बाई, निकाल लागलाय. खोली रिकामी करा."

"कसला निकाल? खटला कधी झाला?"

घरमालकाला खोली स्वतःसाठी हवी आहे, म्हणून त्याने दावा लावला होता. आपण तारखेला गेलोच नाही, तेव्हा कोर्टाने त्याचं एकट्याचं ऐकून निकाल दिला. आईने भिंत धरत धरत जाऊन त्या बेलिफालाच पाणी आणून दिलं. तिचं असंच.

मग आम्ही गाठलेल्या वकीलबाई भल्या आहेत. निकाल रद्द करून आमचंही ऐका, असा अर्ज त्यांनी केला. मग समन्स घरी पोहोचल्याची पावती पुढ्यात ठेवली. "ही सही कुणाची?"

शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. त्या शेपटापायी लहानपणी किती धपाटे खाल्लेस माझ्या हातचे!

कोर्टाबाहेरचा टायपिस्ट कानाशी लागला, "ओळखत नाही म्हणा, सुटाल." खोटं कशाला सांगू, मोह झाला होता.

काल तारीख होती. जज्जसाहेबांनी विचारलं, "सही कुणाची?"

"माझ्या भावाची."

"मग त्याने तुम्हाला सांगितलं नाही?"

इथवर लिहून उठले होते. आईला औषध दिलं, दोन भांडी उगाच घासली.

पावतीवर तारीख आपल्या भांडणाच्या दिवसाची आहे रे. तू "ताई, एक सांगायचंय" म्हणत आत आलास आणि मी तोंडच उघडू दिलं नाही. "या घरात तुझं आहे काय?" असं म्हणाले. तासाभरात तू पिशवी उचललीस.

हे सगळं मी कोर्टात सांगितलं. "तो सांगायलाच आला होता, साहेब. मीच ऐकलं नाही." घरमालकाचा वकील हसला. जज्ज हसले नाहीत. निकाल रद्द झाला. "हुरळू नका," वकीलबाई म्हणाल्या, "खरा खटला आता सुरू होईल." नऊ मार्चला पुढची तारीख.

आई मागच्या बाकावर होती. भांडणाच्या दिवशी ती मावशीकडे होती; तू कामासाठी गेलास, असंच मी तिला सांगत आले होते. बसमध्ये ती एवढंच बोलली, "मी उगाच त्याच्यावर रुसून बसले."

वकीलबाईंना तुझी साक्ष हवी आहे. मी त्यांना हो म्हटलेलं नाही. साक्षीसाठी तुला बोलावणार नाही. फार दमलेय. परक्यांसमोर चूक कबूल करता आली, तुझ्यासमोर उभं राहून जमलं नसतं. चुकलं माझं.

खोली राहील की जाईल, ठाऊक नाही. आम्ही असू तिथे तुझं अंथरूण असेल.

मला नको, पण आईला चार ओळी लिही.

म्हणशील तर,
तुझी ताई