गुरुवारची बैठक

६ जानेवारी, सोमवार
बिल्डरचा माणूस, दिग्विजय, पुन्हा आला. बूट घालून थेट आत. काढायला लावले. म्हणाला, "मॅडम, सोळापैकी आठ फ्लॅटची संमती आली. आणखी एक आली की मेजॉरिटी."

ते आठ कोण ते मला ठाऊक आहे. इथली घरं भाड्याने देऊन स्वतः वाघोलीला राहायला गेलेले. इथे राहणारे आम्ही आठ. आमचं ठरलेलं आहे — बिल्डिंग पाडू द्यायची नाही. हडपसरला मळे होते तेव्हा कारखान्यातल्या माणसांनी आपल्याला परवडेल अशी ही सोसायटी उभी केली. आता मागे आयटीवाल्यांचे टॉवर. नव्या बावीस मजल्यांत जिम, लिफ्ट, पोहण्याचा तलाव, आणि त्या सगळ्याचा मेंटेनन्स माझ्या पेन्शनीतून. मी पोहत नाही.

चहा दिला नाही.

९ जानेवारी, गुरुवार
संध्याकाळी भाजीला निघाले तर चेअरमन रंगरावांच्या दाराशी चपलांचा ढीग. दार बंद. चपला सगळ्या ओळखीच्या. तळमजल्यावर शिलाईचं काम करणारे वैजनाथ, त्यांच्याही. इथल्या सात घरांतलं एकूण एक माणूस आत. आठवं घर माझं!

१० जानेवारी
रंगरावांची बायको वेणूबाई जिन्यात भेटली. काल काय होतं, विचारलं.
"बैठक होती ना बाई."
कसली?
"बैठक म्हंजे बैठकच जी. तुमी काई यायच्या नाही तिथं."
चाळीस वर्षं पुण्यात काढून बोलणं अजून यवतमाळचं. लपवणं मात्र इथलं शिकली.

१२ जानेवारी, रविवार
भाची तेजस्विनी जेवायला आली. तिला सांगितलं. म्हणते, "मावशी, तू सगळ्यांवर डाउट घेतेस. डायरेक्ट विचार ना त्यांना." थेट विचारून लोक खरं सांगत असते, तर कारखान्याने तपासणी विभागात मला इतकी वर्षं पगार कशाला दिला असता?

१६ जानेवारी, गुरुवार
पुन्हा चपला. दाराशी थांबले. ऐकत नव्हते, गुडघा धरला होता. आत एकच माणूस बोलतोय, बाकी चिडीचूप. आवाज बिल्डिंगमधला नाही. स्पष्ट ऐकलं — "हे घर एक दिवस सोडायचंच आहे. मग मोह कशाला धरता?"

आणि रंगराव गप्प! पाण्याच्या मोटरवरून तासभर भांडणारा माणूस. एकानेही हरकत घेतली नाही. म्हणजे सातही जणांना पटलेलं आहे. फक्त मला कळवायचं राहिलंय.

१७ जानेवारी
दिग्विजयला मीच फोन केला. आमच्या इथलं आणखी कोणी तुमच्याशी बोलतंय का?
"सगळेच बोलतात, मॅडम. पहले आओ, पहले पाओ. आधी येतील त्यांना रोडसाइड, नंतरच्यांना मागची बाजू."
मागची बाजू म्हणजे नाला.
पाडणारच असतील, तर नाल्यावर मीच का?

२० जानेवारी, सोमवार
त्यांच्या ऑफिसात जाऊन संमतीवर सही केली. कॉफी बरी होती, बिस्किटं सादळलेली. माझं नाव बाहेर जाता कामा नये, बजावलं. "टोटली कॉन्फिडेन्शिअल, मॅडम."
आता बसा म्हणावं बैठका घालत.

२३ जानेवारी, गुरुवार
आज मुद्दाम गेले. तोंडावर बोलायचं होतं. बेल न वाजवता दार ढकललं.

सतरंजीवर एका बाजूला बायका, पदर डोक्यावर. दुसऱ्या बाजूला पुरुष. पुढे चौरंगावर पोथी, आणि फुरसुंगीचे कोणी गृहस्थ तिचा अर्थ सांगताहेत. देह म्हणजे भाड्याचं घर, मालक म्हणेल तेव्हा रिकामं करायचं...

ती बैठक! गुरुवारची, पोथीची. अर्ध्या हडपसरमध्ये चालते. मला शब्द ऐकून सोसायटीचीच बैठक आठवली.

वेणूबाईने सरकून जागा केली, सतरंजीवर हात थोपटला. बसले. संपेपर्यंत बसले. मांडी घालता येत नाही मला.

निघताना रंगराव म्हणाले, "अहो बाई, आपण देवाधर्माचं मानत नाही. गणपतीत स्पीकर बंद करायला लावता. म्हणून बोलावलं नव्हतं, राग नसावा." मग हळूच, "तो बिल्डर आमच्याकडेही येतो. मी सगळ्यांना एकच सांगतो — बाई आहेत तोवर घाबरायचं नाही. बाकी कोणीही फुटेल, त्या फुटायच्या नाहीत."

जिना चढून आले. जेवले नाही.

२४ जानेवारी
सही परत हवी म्हणून दिग्विजयला सकाळपासून फोन. दुपारनंतर मेसेज आला — "मॅडम, फाइल ऑलरेडी पुढे गेली."

२७ जानेवारी, सोमवार
बोर्डावर नोटीस. नऊ संमती. बहुमत झालं.

संध्याकाळी सातही घरं माझ्याकडे. कोणी कोणाकडे बघेना. आजवर खांद्याला खांदा लावून बसणारी माणसं, आज प्रत्येकाने खुर्ची लांब ओढून घेतली. वैजनाथ एवढंच म्हणाले, "तिथला मेंटेनन्स आम्हाला झेपायचा नाही. आता परवडेल असं घर मिळायचं ते पार फुरसुंगीच्या पलीकडं."

रंगराव उठले. "आपल्यातलाच कोणीतरी आहे. बाई, आपण तपासणीतल्या. खोट कुठे आहे ते आपल्याला दिसतं. आमचा आता एकमेकांवर भरवसा नाही, आपल्यावर आहे. कोण फुटलं, शोधून द्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चहा टाकायला आत गेले.

२८ जानेवारी, मंगळवार
सकाळी वैजनाथांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली. विचारलं, "वीस तारखेला आपण कुठे होता?"