थोडं उरतं का

२ एप्रिल, संध्याकाळ

हे गेले त्या सकाळी मी अंगण सारवलं, चूल पेटवली. हे मोहफुलं वेचायला निघाले आणि झाडाखालीच त्यांनी जीव सोडला. तेव्हापासून मी तिकडे फिरकले नाही. गावात प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं. वेचलं नाही तर ते दुसऱ्याकडे जातं. तेव्हापासूनचा हा तिसरा हंगाम. आज जाऊबाई म्हणाली, "बाई, तुमची फुलं अस्वलं खाऊन राह्यले. त्यायच्यापेक्षा मले द्या नं झाड."

ती गेल्यावर मी ताऱ्यांवरचं पुस्तक उघडलं.

जोडताऱ्यांतला विझलेला तारा शेजाऱ्याचा वायू ओढून अंगावर साठवतो. वर्षानुवर्षं. मग एकदम भडकतो, शांत होतो, पुन्हा साठवू लागतो. पण भडकताना साठलेलं सगळं उडून जातं, की थोडं उरतं? उरत असेल तर जड होत होत एक दिवस ताराच फुटायचा. शास्त्रज्ञांनाही नक्की ठाऊक नाही.

मग मला कसं कळणार? इतक्यांदा रडले. सगळं गेलं, की दर वेळी थोडं उरलं? झाडाखाली गेले तर फुटेन का?

३ एप्रिल

उजाडताच जाऊबाईला सोबत घेऊन गेले. पाला झाडला, ऊन चढेपर्यंत आमच्या झाडाची फुलं वेचली. दोनदा रडले, तेवढाच वेळ हात थांबले.