आडवी रेघ

ता. ४

चि. भिंगरीस, दादाचे अ. उ. आ.

आईचं पत्र आलं. वर्ष झालं तुझी पाळी बंद आहे, आणि मला आत्ता कळतंय! डॉक्टरीणबाई दिवसभर खाटेवर ठेवून सारखं रक्त काढणार म्हणे. वाचून डोकं सणकलं. तुझ्या धावण्याच्या सरांची गचांडी धरायलाच निघालो होतो, पण टायरच्या दुकानात मालकाने हातात पाना दिला आणि मी मुकाट्याने चाक खोलत बसलो. हल्ली राग येतो, पण टिकत नाही. जिच्यापायी कॉलेज सोडलं तिचं लग्न ठरलं. घास उतरत नाही. आईला सांगू नकोस.

काय निघालं ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

ता. ११

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू प्रेमात चार घास काय सोडलेस, केवढा गाजावाजा! मी दोन वर्षं अर्धं ताट परत करतेय, घरात कुणाला वासही लागला नाही.

तपासणी अशी. हातात सुई तशीच ठेवतात. मेंदूखालची ग्रंथी एक संप्रेरक थांबून थांबून सोडते, लाटांसारखं. त्या लाटांवर पाळी अवलंबून. एकदा रक्त काढलं की पुढच्या वेळेपर्यंत मी न्हाणीघरात जाऊन जागच्या जागी धावले, दिवस वाया जाऊ नये म्हणून. सुई निसटली, नर्सने पकडलं, सगळं पुन्हा. दुसऱ्या खेपेला ती दारातच खुर्ची टाकून बसली.

माझ्यात लाटच नाही. कागदावर आडवी रेघ. बाई म्हणाल्या, खाणं कमी, धावणं फार, म्हणून शरीराने दुकान बंद केलंय. हाडंही ठिसूळ होताहेत, पायाला बारीक चीर आहे. धावणं थांबवून नीट जेवले तर लाटा परत येतील. आई रडली. मी खिडकीतून सायकली बघत होते.

एक काम कर. पुढच्या आठवड्यात निवडीची शर्यत आहे. आई नाहीच म्हणते. बाबा नाहीत, तेव्हा थोरल्या भावाचा शब्द चालेल, असं सर म्हणतात. मी ठणठणीत आहे एवढंच त्यांना सांग. तू कधी कुणाला भ्यालास?

लोभ आहेच, तो कामी येऊ दे.

भिंगरी

ता. १५

चि. भिंगरीस, अ. आ.

सरांना फोन केला. ती धावणार नाही, असं सांगितलं. पायाच्या चिरेचंही सांगितलं. ते म्हणाले, मग नाव काढतो. भांडायची तयारी करून फोन लावला होता, भांडण झालंच नाही.

जुना मी असतो तर म्हणालो असतो, धाव, मोडलं तर मोडलं. कॉलेज असंच सोडलं ना.

तू हे पत्र फाडशील, मला दुष्ट म्हणशील. म्हण. राग आला तर पानंच्या पानं लिही, सगळी वाचेन. पण मनात काहीच उठलं नाही, त्या कागदावरच्या रेघेसारखं, तर तेवढंच कळव. मी सुट्टी टाकून येतो.

तुला नकोसा झालो तरी तुझाच,
दादा